बटण लाल झालं, पण का? कामाचा ताण शोधायला गटात बसून बोलण्याची पद्धत

रुग्णालयात डिस्चार्जचं बिल भरायला कधी उभे राहिला असाल, तर काउंटरची ती काच आठवेल. मधोमध बशीएवढं गोल भोक. बाहेरचा माणूस वाकून त्या भोकाशी तोंड नेतो आणि आत ऐकू जात नाही असं समजून ओरडतो. आतल्या माणसाला मात्र सगळं ऐकू येत असतं.

अशाच एका काउंटरवरच्या सात जणांबरोबर मी काही वर्षांपूर्वी दीड तास बसले होते. रुग्णालयाचं नाव सांगत नाही. मध्यम आकाराचं होतं, चांगलं चालणारं होतं. मी जाण्याआधी तिथे कामाच्या ताणाबद्दल एक प्रश्नावली भरून घेतली होती आणि बिलिंग विभागाचा 'कामाचा बोजा' हा रकाना लालभडक आला होता. व्यवस्थापनाने त्याचा सरळ अर्थ लावला: काम जास्त, माणसं कमी. आणखी दोन जणांना घ्यायचं जवळपास ठरलंही होतं. दीड तासात जे कळलं ते वेगळंच होतं. त्याकडे येतेच, पण आधी ही पद्धत काय आहे ते बघू.

हिला 'फोकस ग्रुप' म्हणतात. नाव ऐकून कॅम्पस मुलाखतीतलं ग्रुप डिस्कशन आठवत असेल तर ते डोक्यातून काढून टाका. तिथे प्रत्येकाला दुसऱ्यापेक्षा जास्त चमकायचं असतं. इथे एकाच प्रकारचं काम करणारी सहा ते दहा माणसं एका खोलीत बसतात, एक जण प्रश्न विचारतो, एक जण टिपणं घेतो आणि बाकीचे आपल्या रोजच्या कामाबद्दल बोलतात. एवढंच. साधं दिसतं, म्हणूनच बरेचदा बिघडतं.

आधी ताण म्हणजे काय

कामाच्या ताणाशी गटचर्चेची सांगड सगळ्यात व्यवस्थित घातली ती ब्रिटनने. तिथे 'हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह' (पुढे नुसतं एचएसई म्हणते) ही कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेवर लक्ष ठेवणारी सरकारी यंत्रणा आहे. मशीनला जाळी आहे का, परांचीला कठडा आहे का, हे बघणारी हीच मंडळी. 2003 मध्ये तिने वेस्ट डॉर्सेटमधल्या एका सरकारी रुग्णालय ट्रस्टला नोटीस दिली. कारण होतं कर्मचाऱ्यांवरच्या ताणाचं मूल्यमापनच न करणं. ताणासाठी अशी नोटीस निघण्याची ती पहिलीच वेळ. पुढच्या वर्षी, 2004 मध्ये, एचएसईने ताणाच्या व्यवस्थापनाचे निकष प्रसिद्ध केले.

माणसावर अति दबाव किंवा इतर मागण्या आल्या की त्याची जी अपायकारक प्रतिक्रिया होते, ती म्हणजे ताण, अशी काहीशी एचएसईची व्याख्या आहे. म्हणजे दाब वेगळा आणि ताण वेगळा. मार्चअखेरीला अकाउंट्सवाल्यांवर दाब असतो. तो संपतो, माणूस दोन दिवस झोपतो आणि परत माणसात येतो. मार्चअखेर बारा महिने चालली तर मात्र तो ताण.

तो येतो कुठून? एचएसईने सहा उगम सांगितले आहेत. कामाचा बोजा. आपलं काम कसं आणि कधी करायचं यावर आपला ताबा किती. वरिष्ठांचा आणि सहकाऱ्यांचा आधार. आपसातले संबंध, त्यात दमदाटीही आली. आपलं नेमकं काम काय याची स्पष्टता. आणि बदल, म्हणजे नवी सिस्टीम, नवा साहेब, नवी शिफ्ट हे सगळं कसं आणलं जातं. या सहांमध्ये 'स्वभाव' कुठेच नाही, हे लक्षात घ्या. 'तो जरा मनाला लावून घेतो' हे वाक्य आपल्या ऑफिसांत फार ऐकू येतं. एचएसईच्या यादीत त्याला जागा नाही. ताण शोधायचा तो कामाच्या मांडणीत.

यामागे बरंच संशोधन आहे. लंडनच्या व्हाइटहॉलमध्ये, म्हणजे तिथल्या मंत्रालयाच्या परिसरात म्हणा, 1967 पासून सुमारे 18,000 पुरुष सरकारी नोकरांचा अभ्यास झाला. तोवर समज असा होता की हृदयविकार हा मोठ्या साहेबांचा रोग. निघालं उलटंच. सर्वांत खालच्या श्रेणीतल्यांमध्ये हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण वरच्या श्रेणीच्या तिपटीहून जास्त होतं. सिगारेट, रक्तदाब वगैरे हिशेबात घेऊनही फरक पूर्ण पुसला जात नव्हता. 1985 मध्ये दुसरा अभ्यास सुरू झाला, 10,308 स्त्री-पुरुष कर्मचाऱ्यांचा, आणि त्यातून ज्या गोष्टीकडे बोट गेलं त्यातली एक म्हणजे कामावरचा ताबा. ज्यांना आपल्या कामात काहीच ठरवता येत नाही, त्यांचं हृदय जास्त सोसतं. अमेरिकेत रॉबर्ट करासेक यांनी 1979 मध्ये हेच वेगळ्या बाजूने मांडलं होतं: मागणी भरपूर आणि अधिकार शून्य, हे सर्वांत वाईट मिश्रण.

काउंटरची काच लक्षात ठेवा. तिच्याशी याचा संबंध आहे.

लाल बटण, हिरवं बटण

एचएसईची एक प्रश्नावली आहे, 35 प्रश्नांची. त्या सहा उगमांवरचेच प्रश्न, आणि बहुतेकांची उत्तरं 'कधीच नाही'पासून 'नेहमी'पर्यंत. सगळ्यांची उत्तरं एकत्र केली की प्रत्येक उगमाला एक रंग मिळतो. हिरवा म्हणजे छान, मग निळसर, मग पिवळा, आणि लाल म्हणजे ताबडतोब हात घाला.

मग गटात बसून बोलायची गरजच काय? रंग तर मिळाला!

याचं उत्तर फोकस ग्रुपच्या जन्मकथेतच आहे. नोव्हेंबर 1941, न्यूयॉर्क. कोलंबिया विद्यापीठात रॉबर्ट मर्टन नावाचे तरुण समाजशास्त्रज्ञ होते. सहकारी पॉल लाझार्सफेल्ड यांनी त्यांना सपत्निक जेवायला बोलावलं होतं. मर्टन दारात पोहोचतात तोच लाझार्सफेल्ड म्हणाले, जेवण राहू दे, आधी माझ्याबरोबर चला, आणि त्यांना थेट रेडिओच्या स्टुडिओत घेऊन गेले. (बायका घरी राहिल्या. त्यांनी जेवून घेतलं असावं अशी आशा करू या.) स्टुडिओत काही श्रोते एक कार्यक्रम ऐकत बसले होते. प्रत्येकाकडे दोन बटणं. आवडलं की हिरवं दाबायचं, खटकलं, कंटाळा आला, खोटं वाटलं की लाल. कोणत्या मिनिटाला किती जणांनी काय दाबलं याची नोंद यंत्र करत होतं.

कार्यक्रम संपल्यावर एक सहायक श्रोत्यांना विचारू लागला की तुम्ही तिथे लाल का दाबलंत. मर्टन बघत होते आणि त्यांना चैन पडेना. विचारणारा माणूस नकळत उत्तरं सुचवत होता. श्रोत्यांना नेमकं कोणतं वाक्य खटकलं, तिथवर तो जातच नव्हता. मर्टन चिठ्ठ्या लिहून लाझार्सफेल्डना हे कळवत राहिले. शेवटी लाझार्सफेल्ड म्हणाले, मग तुम्हीच विचारून दाखवा. पुढच्या गटाला मर्टननी प्रश्न विचारले आणि त्यातून मुलाखतीची एक नवी रीत तयार झाली. पुढे जाहिरातवाल्यांनी ती उचलली, साबण आणि सिगारेटी विकायला वापरली, आणि 'फोकस ग्रुप' हे नाव जगभर झालं.

35 प्रश्नांची प्रश्नावली म्हणजे ती बटणं. लाल कुठे लागलं हे तिच्यातून कळतं. का लागलं, ते समोर बसून विचारावं लागतं.

जपानमध्ये डिसेंबर 2015 पासून 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी वर्षातून एकदा ताणाची तपासणी सक्तीची आहे. त्यासाठी सुचवलेली प्रश्नावली 57 प्रश्नांची. पण तो कायदा झाला तेव्हा विभागवार विश्लेषण करून काम सुधारणं सक्तीचं ठेवलं नव्हतं, 'प्रयत्न करावा' एवढंच होतं. माझ्या मते हे बटण बसवून तार न जोडण्यासारखं आहे.

खोलीत कोण बसणार

इथेच निम्मा निकाल लागतो.

पहिला नियम: साहेब नको. साहेब कितीही चांगले असले तरी नको. किंबहुना चांगले असतील तर जास्तच नको, कारण चांगल्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून लोक गप्प बसतात. यावर जर्मनीत दोन मतं होती. तिथे गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत कारखान्यांमधून 'आरोग्य मंडळं', म्हणजे कामामुळे होणाऱ्या त्रासावर बोलणारे गट, चालवली गेली. त्यांचे दोन घाट पडले. डसेलडॉर्फ पद्धतीत कामगार, त्यांचा मुकादम, कंपनीचा डॉक्टर, कामगार प्रतिनिधी सगळे एका टेबलाशी. बर्लिन पद्धतीत मुख्यतः एकाच पातळीवरचे कर्मचारी आणि चर्चा चालवणारा. डसेलडॉर्फच्या बाजूने म्हणायचं तर निर्णय जागच्या जागी होतात. पण जिथे मुळात 'सर' म्हटल्याशिवाय वाक्य सुरू होत नाही, तिथे मला बर्लिन बरं वाटतं. आधी आपले आपण बोला, मग साहेबांना बोलवा.

दुसरा नियम: पातळ्या मिसळू नका. रुग्णालयाचंच उदाहरण घ्या. तिथे नर्स म्हणजे सिस्टर, वॉर्डबॉय म्हणजे मामा, आया म्हणजे मावशी. हाक मारताना सगळं नात्यातलं. पण सिस्टर आणि मावशी एका गटात बसवा, मावशी दीड तास 'हो, सिस्टर म्हणतात तसंच' यापलीकडे जाणार नाही. तिचा वेगळा गट करा, मग ऐका. आणि हो, मधल्या फळीच्या साहेबांचाही एक वेगळा गट हवा. वरून टार्गेट आणि खालून राजीनामे यांच्यामध्ये जात्यात सापडल्यासारखी ही माणसं असतात, आणि त्यांना हे कुणी विचारतच नाही.

तिसरा: चर्चा चालवणारा माणूस त्या विभागाचा नको. बाहेरचा असलाच पाहिजे असं नाही, दुसऱ्या विभागातला, थोडं शिकवून तयार केलेला चालतो. एचआरमधला असेल तर लोकांना पटकन अप्रेझल आठवतं, हे धरून चाला.

चौथा नियम कुठे लिहिलेला सापडणार नाही, पण मला तो महत्त्वाचा वाटतो. भाषा. पुण्या-मुंबईच्या ऑफिसांत मीटिंग इंग्रजीत होते आणि वैताग मराठीत किंवा हिंदीत. पहिली दहा मिनिटं इंग्रजीत गेली की 'वर्कलोड इज लिटल हाय' असली उत्तरं येतात. 'बोला हो आपल्या भाषेत' म्हटलं की तोच माणूस सांगतो, "रविवारी संध्याकाळी पाच वाजले ना, की पोटात गोळा येतो."

वेळ तासाभरापासून दीड तासापर्यंत, आणि ती ड्यूटीच्या आत. ड्यूटी संपल्यावर ताणावरची मीटिंग ठेवणारी ठिकाणं मी पाहिली आहेत. हसावं की रडावं कळत नाही.

काय विचारायचं

'तुम्हाला ताण आहे का?' हे विचारायचं नाही. याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' येतं आणि दोन्ही निरुपयोगी असतात. मी बहुधा एखाद्या दिवसावर बोट ठेवते. गेल्या आठवड्यात 'आता बस' असं कोणत्या क्षणी वाटलं? त्याच्या आधीच्या पाच मिनिटांत काय झालं होतं? मर्टननी केलं तेच हे, नेमक्या वाक्यापर्यंत जायचं.

सुरुवातीला प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी देते आणि तीन मिनिटं गप्प बसून लिहायला सांगते. याने दोन गोष्टी साधतात. जो बोलका आहे तो सगळ्यांचं उत्तर ठरवत नाही, आणि जो अबोल आहे त्याच्या हातात निदान कागद असतो. प्रत्येक गटात एक बोलका असतोच. त्याला थांबवण्यापेक्षा 'बाकीच्यांचा अनुभव असाच आहे का?' असं विचारलेलं बरं.

गुप्ततेबद्दल स्पष्ट बोलावं लागतं. 'इथलं इथेच राहील' हे वचन मी माझ्यापुरतं देऊ शकते, शेजारच्या खुर्चीतल्या माणसाच्या वतीने नाही. ते सगळ्यांनी मिळून कबूल करावं लागतं. टिपणात नावं नसतात. पण नाव नसणं पुरेसं नाही. रात्रपाळीला तीनच माणसं असतील तर 'रात्रपाळीतल्या एका महिलेने सांगितलं' म्हणजे नाव सांगितल्यासारखंच. असं वाक्य अहवालात जाऊ नये म्हणून टिपण गटालाच वाचून दाखवावं.

आणि पगार. पगार निघतोच. 'तो आपला विषय नाही' असं म्हटलं की लोक मनातून उठून जातात. मी एका कागदावर 'इथे न सुटणारे' असं लिहून भिंतीला लावते आणि पगार त्यावर जातो. तो लिहिला गेलाय हे दिसलं की चर्चा पुढे सरकते.

काचेच्या आतली बाजू

आता त्या सात जणांकडे येऊ.

पहिली वीस मिनिटं अपेक्षेप्रमाणे गेली. बिलं जास्त, संगणक हळू, एसी गळतो. मग मी विचारलं, काल कोणत्या वेळी सर्वांत वाईट वाटलं? सातपैकी पाच चिठ्ठ्यांवर जवळजवळ एकच वेळ होती: अकरा ते एक.

अकरा ते एक बिलं जास्त असतात का? नाही म्हणाले. बिलं खरी चारनंतर होतात.

मग अकराला काय होतं?

हळूहळू उलगडलं. सकाळी नऊच्या राउंडला डॉक्टर पेशंटला म्हणतात, "छान, आज घरी जा." नातेवाइकांच्या दृष्टीने डिस्चार्ज तिथेच झाला. ते पिशव्या भरतात, गाडी बोलावतात आणि अकराला काउंटरवर येतात. पण डिस्चार्ज समरी अजून लिहायची असते, फार्मसीचा हिशेब यायचा असतो, विमा असेल तर टीपीएची, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्या संस्थेची, मंजुरी यायची असते. ती येता येता तीन-चार वाजतात. काउंटरवाल्याला यातलं काही दिसत नाही. मंजुरी कुठे अडकली हे त्याच्या स्क्रीनवर नाही, डॉक्टरांना फोन करायचा त्याला अधिकार नाही. त्याच्या हातात एकच शब्द असतो.

एक बाई, बारा वर्षं त्या खुर्चीवर बसलेल्या, म्हणाल्या, "ओरडण्याचं काही नाही हो, सवय झाली. मी फक्त 'थांबा' एवढंच म्हणू शकते, त्याचा त्रास होतो. किती वेळ, ते मलाच माहीत नसतं."

खोली गप्प झाली. मग बाकीच्यांनी माना डोलावल्या.

म्हणजे लाल रंग बोज्याच्या रकान्यात उमटला होता, पण दुखणं ताब्याचं होतं आणि थोडं, आपलं नेमकं काम काय, या अस्पष्टतेचं. दुसऱ्याने दिलेल्या शब्दाचा जाब ही माणसं देत होती. आणखी दोन माणसं बसवली असती तर काय झालं असतं? 'थांबा' म्हणणारी नऊ माणसं झाली असती.

उपाय काय, हेही मी सांगितलं नाही. शेवटच्या अर्ध्या तासात विचारलं, उद्या एकच गोष्ट बदलता आली तर कोणती? संगणक कुणीच म्हणालं नाही. ठरलं ते असं: राउंड झाल्यावर वॉर्डमधूनच नातेवाइकांना अंदाजे वेळेची चिठ्ठी द्यायची. दुसऱ्या दिवशी जाणाऱ्या पेशंटांची यादी आदल्या संध्याकाळी बिलिंगला पाठवायची. आणि विम्याची मंजुरी कुठवर आली ते काउंटरच्या स्क्रीनवर दिसायला हवं. पहिल्या दोन्हीला एक पैसा लागत नव्हता.

गट उठल्यानंतर

बहुतेक ठिकाणी ही पद्धत मरते ती यानंतर. चहा होतो, 'खूप मोकळं वाटलं' असं लोक म्हणतात, अहवाल जातो आणि पुढे सहा महिने शांतता. पुढच्या वेळी बोलावलं की तीच माणसं म्हणतात, "मागच्या वेळीही सांगितलं होतं." एकदा विचारून काहीच न करण्यापेक्षा न विचारलेलं बरं, इतकं नुकसान याने होतं.

म्हणून मी तक्ता सोडून जाते. अडचण, तिचं कारण, उपाय, कोण करणार, कधीपर्यंत. 'कोण'च्या रकान्यात विभागाचं नाव चालत नाही, माणसाचं लागतं. आणि दोन आठवड्यांच्या आत गटाला परत भेटून सांगायचं की हे करतोय, हे करत नाही आणि का नाही. 'नाही' ऐकायला माणसं तयार असतात. गप्प बसणं त्यांना खपत नाही.

व्यवस्थापनाची पहिली प्रतिक्रिया हमखास अशी असते: "हे तर आम्हाला माहीतच होतं." असेल. पण आता माहीत असल्याचा कागद झालाय, आणि ही साधी गोष्ट नाही. 1995 मध्ये गाजलेला वॉकर विरुद्ध नॉर्थम्बरलँड काउंटी कौन्सिल हा ब्रिटनमधला खटला बघा. समाजसेवा विभागातला एक अधिकारी कामाच्या ओझ्याने मानसिकदृष्ट्या कोसळला. बरा होऊन परतला तेव्हा मदतनीस द्यायचं कबूल झालं होतं. मदत आली ती लवकरच काढून घेतली, आणि तो पुन्हा कोसळला. पहिल्या वेळची कल्पना मालकाला येणं शक्य नव्हतं, असं न्यायालयाने म्हटलं. दुसऱ्या वेळची मात्र यायलाच हवी होती, म्हणून जबाबदारी मालकावर. कळल्यानंतर हातावर हात धरून बसणं महागात पडतं. गटाचं टिपण म्हणजे मालकाला 'कळल्याची' तारीख.

तिथला आकडाही पाहण्यासारखा आहे. 2023-24 या एका वर्षात ग्रेट ब्रिटनमध्ये कामामुळे ताण, नैराश्य किंवा चिंता जडलेल्यांची संख्या एचएसईने 7,76,000 दिली, आणि त्यापायी बुडालेले कामाचे दिवस 1 कोटी 64 लाख.

आपल्याकडे ताणासाठी असा निकष नाही. पण कामगारांनी आणि मालकांनी एकत्र बसण्याची कल्पना नवी नाही. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात 100 किंवा जास्त कामगारांच्या ठिकाणी वर्क्स कमिटीची तरतूद होती, ती 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. फक्त ती आणि फोकस ग्रुप एक नव्हेत. कमिटीत प्रतिनिधी असतात, बाजू मांडतात, घासाघीस करतात. गटात कुणी कुणाचा प्रतिनिधी नसतो, प्रत्येक जण आपल्यापुरतं बोलतो. एकाच्या जागी दुसरं वापरलं की युनियन नाराज होते, आणि ते बरोबरच आहे.

गटाला काय जमत नाही

गटात सात जणांनी सांगितलं म्हणजे सातशे जणांचं तेच मत, असं नाही. टक्केवारी हवी असेल तर प्रश्नावलीकडेच जावं लागतं.

गट म्हणजे उपचारही नव्हे. बोलता बोलता कुणाचा बांध फुटतो, कुणी घरचं सांगू लागतं, क्वचित कुणी 'जगावंसं वाटत नाही' म्हणतं. अशा वेळी चर्चा थांबवून त्या माणसाबरोबर बाजूला जायचं, आणि त्याला योग्य माणसाशी जोडून द्यायचं. सरकारची 'टेली-मानस' ही मोफत हेल्पलाइन आहे, क्रमांक 14416. तो मी फळ्यावर आधीच लिहून ठेवते. लैंगिक छळाची गोष्ट निघाली तर ती गटात उकलायची नाही. त्यासाठी 2013 च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती आहे आणि तिथली गुप्तता कायद्याची आहे, आपसातल्या कबुलीची नाही.

ऑनलाइन गटाबद्दल विचारणारे बरेच असतात. जमतो, पण चार-पाच जणांच्या पुढे नको. आणि रेकॉर्डिंगचा तो लाल ठिपका दिसला की बोलणं आटतं, तेव्हा टिपणं हातानेच घ्यावीत.

तीन महिन्यांनी

एचएसईच्या पद्धतीत शेवटची पायरी आहे ती पुन्हा बघण्याची. मी त्या सात जणांकडे तीन महिन्यांनी परत गेले. आता ते सहा होते, एकाने नोकरी बदलली होती. आदल्या संध्याकाळची यादी येत होती. वॉर्डातून चिठ्ठीही मिळत होती, छापील, 'अंदाजे वेळ' आणि पुढे पेनाने आकडा. स्क्रीनचं काम मात्र 'आयटीकडे आहे' या अवस्थेत होतं.

अकरा ते एकचा गोंधळ बराच ओसरला होता. पण चिठ्ठीवरची वेळ शनिवारी हटकून चुकते, असं सगळे म्हणाले. शनिवारी मंजुऱ्या उशिरा येतात आणि वॉर्ड मात्र रोजचीच वेळ लिहितो. म्हणून तक्त्यात एक नवी ओळ घातली: शनिवार. 'कोण करणार' या रकान्यापाशी मी थांबले, तर त्या बारा वर्षांवाल्या बाई म्हणाल्या, "माझं लिहा. वॉर्डात मीच जाऊन सांगते, मला तिथे सगळे ओळखतात."